पावणेदोन

मला फक्त हात पुसायला चिंधी हवी होती. शर्यतीच्या आवारात आमची जागा अगदी शेवटच्या पत्र्याखाली होती. नणंद गाडी घेऊन रांगेकडे गेली होती आणि माझे हात कोपरापर्यंत तेलाने माखले होते. नवरा चिंध्या हत्यारांच्या पेटीत सगळ्यात खाली कोंबून ठेवतो, कारण वर ठेवल्या तर त्या माणसाला सापडतील ना! मी पेटी उपसायला लागले. पाने, हातोडी, चहाचा थर्मास (तो पेटीत का, ते त्यालाच ठाऊक), आणि त्याच्या खाली एक तपकिरी कागदाचं पाकीट. त्यावर मीच खडूने केलेली बरोबरची खूण होती.

पाकीट जड लागलं. ते रिकामं असायला हवं होतं.

उघडून बघितलं तर आत आठही रॉकर जसेच्या तसे. काल मी पुसून ठेवले होते तसेच कोरडे. जे आज सकाळी इंजिनावर चढायला हवे होते, ते इथे माझ्या हातात होते. मग इंजिनावर काय चढलं होतं?

आता रॉकर म्हणजे काय ते सांगते, नाहीतर मी एवढी का घाबरले ते कळायचं नाही. बागेतली सी-सॉची फळी असते ना, तसाच हा छोटा लोखंडी तुकडा. फक्त त्याचा टेकू मधोमध नसतो, एका बाजूला सरकवलेला असतो. आखूड बाजूला खालून एक दांडा ढकलतो, मग लांब बाजू पलीकडे व्हॉल्व्हला दाबते आणि व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये उतरून उघडतो. लांब बाजू आखूड बाजूच्या दीडपट असेल तर तो रॉकर दीडचा. आमच्या इंजिनात कॅम, म्हणजे फिरता उंचवटा, त्या दांड्याला साडेसात मिलिमीटर वर ढकलतो, म्हणजे दीडच्या रॉकरने व्हॉल्व्ह सव्वाअकरा मिलिमीटर उघडतो. कॅमला हातही न लावता नुसते एक पॉइंट सहाचे रॉकर घातले, की तोच व्हॉल्व्ह बारा उघडतो. जास्त उघडला की हवा जास्त शिरते, आणि हवा जास्त म्हणजे जोर जास्त. गॅरेजमध्ये आम्ही याला उचल म्हणतो. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी 'उचल वाढवू का?' असं विचारलं की बिचाऱ्याचा चेहरा खुलतो.

पण व्हॉल्व्ह उघडतो तो खाली, आणि खालून पिस्टन वर येत असतो. दोघांना एकाच खोलीत ये-जा करायची आहे, आणि एकमेकांना शिवायचं नाही. उचल वाढवत नेली की मधली फट कमी होत जाते. इंजिन जोरात फिरत असताना ते दोघं भिडले, तर व्हॉल्व्ह वाकतो, तुटतो, तुकडा आत अडकतो, इंजिन जागच्या जागी गच्च बसतं आणि त्याच्याबरोबर मागची चाकंही. ते कुठे होईल यावर पुढचं सगळं अवलंबून. आमच्या घाटात दुसऱ्या वळणाच्या आधी एक लांब सरळ चढ आहे. गाड्या तिथे सगळ्यात वेगात असतात. त्याच्या टोकाला चुना फासलेले दगड आहेत, आणि दगडांपलीकडे काही नाही.

नणंदेला पावणेदोनचे रॉकर हवे होते. गॅरेजमध्ये तिला सगळे ठिणगी म्हणतात आणि ते उगाच नाही. दिवसभर ती पार्सलची व्हॅन चालवते आणि रविवारी तिला जग जिंकायचं असतं. गेला महिनाभर एकच धोशा: "वहिनी, पावणेदोनचे घाल. तेराच्या वर उघडेल व्हॉल्व्ह. बघच मग!" मी म्हणायचे, "बघायला डोळे शिल्लक राहिले तर बघेन." शेवटी तिने परस्पर दुकानातून पावणेदोनचे मागवले, मी एक पॉइंट सहाचे मागवले, आणि एकाच खोक्यातून दोन सारखी पाकिटं घरी आली. सासूबाई म्हणाल्या, "दोघी मिळून एकदा माझ्या शिलाई मशीनमध्येही भांडा. तेही अडकतंय."

काल पहिली फेरी झाली. जुन्या दीडच्या रॉकरवर नणंद दुसरी आली, पहिल्या नंबराच्या अगदी मागोमाग. संध्याकाळी आम्ही याच पत्र्याखाली इंजिनाचं हेड, म्हणजे पिस्टनांवर बसणारा वरचा ठोकळा, उतरवलं. मी पिस्टनवर मुलांची खेळायची माती थापली, हेड परत बसवलं, एक पॉइंट सहाचे रॉकर चढवले आणि इंजिन हाताने हळूहळू फिरवलं. मग पुन्हा हेड काढलं. मातीत व्हॉल्व्हचा ठसा उमटला होता. पात्याने माती कापून सगळ्यात पातळ जागा मोजली. आमच्या गॅरेजचा नियम आहे, दीड मिलिमीटरच्या खाली जायचं नाही. माझी माती भरली पावणेदोन.

त्या वेळी नवरा हेडखाली घालायचं नवं गॅस्केट आणायला गेला होता आणि नणंद गाडीत घोरत होती. आकडा कोणालाच सांगितला नाही. सकाळी सगळ्यांसमोर सांगून जरा भाव खावा, एवढाच माझा विचार. गॅस्केट आल्यावर हेड बसवलं. रॉकर चढवून त्यांच्या टोकाची बारीक फट लावायचं काम सकाळसाठी नवऱ्याकडे सोपवलं, कारण त्या कामात त्याचा हात धरणारं कोणी नाही. एक पॉइंट सहाचे रॉकर पुसून पाकिटात परत घातले, त्या पाकिटावर बरोबरची खूण केली आणि मी निश्चिंत झाले.

सकाळी मी वजनाच्या टेबलाशी उभी असताना नवऱ्याचा फोन आला. माझ्या डोक्यावर भोंगा किंचाळत होता. मला फक्त "किती" एवढंच ऐकू आलं. कालपासून तो मातीचंच विचारत होता, किती निघाली, किती निघाली. मी कानात बोट घालून ओरडले, "पावणेदोन! कितीदा विचारशील? पावणेदोन!" आणि फोन आपटला. माझ्या स्वभावाला औषध नाही, असं माझी आईही म्हणते.

हातात ते जड पाकीट धरून मी आता त्याला फोन लावला. तो केव्हाच वर दुसऱ्या वळणापाशी जाऊन बसला होता, बहिणीची फेरी बघायला.

"तू कोणते रॉकर बसवलेस?"

"पावणेदोनचे."

"का?"

"का म्हणजे? मी विचारलं, कितीचे बसवू. तू म्हणालीस पावणेदोन. ओरडून म्हणालीस."

"पाकिटावर खूण होती!"

"मला वाटलं, ते दुकानात परत करायचं आहे म्हणून खूण केलीस." त्याचा आवाज बारीक झाला. "अगं, मग पावणेदोन काय होतं?"

"माती," मी म्हटलं.

फोनवर मागे वाऱ्याचा आवाज येत होता आणि वर जाणाऱ्या कुठल्यातरी गाडीचा. त्याच्या डोळ्यांसमोर ते दगड होते, माझ्या डोळ्यांसमोर नव्हते, तरी दिसत होते. "तू रस्त्यावर उतरू नकोस," मी म्हटलं. "मी बघते." आणि पळत सुटले.

पळता पळता हिशेब चालू होता. एक पॉइंट सहाला फट पावणेदोन, तर पावणेदोनच्या रॉकरला दीडपेक्षा कमी. किती कमी? सव्वा? त्याच्या थोडी वर? हाताने इंजिन फिरवलं तर काहीच होणार नाही, सावकाश चालवली तरी नाही. पण मिनिटाला सात हजार फेऱ्यांवर व्हॉल्व्ह एवढा खोल गेल्यावर स्प्रिंगला तो वेळेत मागे ओढता येत नाही. तो रेंगाळतो, आणि पिस्टन कोणासाठी थांबत नाही. सरळ चढावर ठिणगी सात हजार गाठणार हे मला माझ्या नावाइतकं पक्कं माहीत होतं.

आणि मला सकाळचं आठवलं. मी वजनाच्या टेबलावरून परतले तेव्हा ती गाडी गरम करत होती. मला बघून तिने उभ्या गाडीतच एकदा जोरात रेस केली, काटा पार वर नेला, आणि माझ्याकडे बघून हसली. लग्नात करवली म्हणून माझ्या मागेमागे फिरत होती तेव्हा हसायची, तसं. मला वाटलं, आज स्वारी खुशीत आहे. मीही हसले होते.

मी रांगेपाशी पोचले तेव्हा तिच्या पुढे एकच गाडी होती. मी दोरीखालून वाकून आत शिरले. झेंडेवाला ओरडला, "ओ बाई, आत कुठे?" मी खिडकीवर हात आपटला. तिने काच खाली केली. हेल्मेटमधून तिचे फक्त डोळे दिसत होते.

"उतर खाली. रॉकर चुकलेत. पावणेदोनचे चढलेत."

"मला माहितीये," ती म्हणाली.

मी खिडकीची कड घट्ट धरली.

"सकाळी सुरू केली तेव्हाच कळलं. आवाजच वेगळा आहे. गाडी नुसती उडतेय, वहिनी."

"माहिती होतं आणि गप्प बसलीस?"

"सकाळपासून काही झालं का? नाही ना?"

"अजून तू जोरात चालवली नाहीयेस! फट नाहीये आत. वर सरळ चढावर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळेल."

"तू मोजलंस?"

इथे मी अडकले. पावणेदोनच्या रॉकरने मोजलं नव्हतंच मी. "अंदाज आहे," मी म्हटलं.

"अंदाज!" तिने मान हलवली. "बरं, सहा हजारांच्या वर नेणार नाही. शप्पथ."

"कोणाची?"

"तुझी."

"माझी शप्पथ तू रोज सकाळी दात घासताना मोडतेस."

पुढची गाडी सुटली. धूर आमच्या अंगावर आला. झेंडेवाला जवळ येऊन म्हणाला, "बाई, बाजूला व्हा. गाडी लायनीतून काढलीत तर फेरी बाद. परत संधी नाही मिळायची."

"ऐकलंस?" नणंद म्हणाली. "बाजूला हो. हात काढ, मला काच वर करायचीये."

तिने काच वर केली, गाडी पुढे सरकली आणि पुढची चाकं पांढऱ्या पट्ट्याला लागली. इंजिनाचा आवाज चढला. छान आवाज होता, खरंच छान. एवढा सुरेल आवाज आमच्या गॅरेजातून कधी बाहेर पडला नव्हता. आणि मला तिची भीती वाटत नव्हती, मला तिच्यासाठी भीती वाटत होती. समजावायला वेळ नव्हता आणि समजावणं मला कधी जमलंही नाही.

मी गाडीसमोर गेले. बॉनेटच्या दोन्ही पिना उपसल्या, बॉनेट वर फेकलं, हात आत घातला आणि ठिणगी पाडणारी कॉइलची वायर उपटली.

इंजिन मेलं. एकदम एवढी शांतता झाली, की भोंग्यावर बोलणारा माणूसही थांबला. मी वायर खिशात घातली.

नणंद उतरली. हेल्मेट काढलं, तेव्हा तिचे केस कपाळाला चिकटले होते. ती ओरडेल असं वाटलं होतं. ती हळू बोलली, ते जास्त लागलं.

"तुला बघवलं नाही ना? तुझ्या मर्जीशिवाय मी जिंकले असते, ते बघवलं नाही."

"असं नाहीये."

"माझ्याशी बोलू नकोस."

मागच्या गाडीवाल्यांनी आमची गाडी ढकलून बाजूला काढली. दोघं-तिघं हसत होते. एक म्हणाला, घरची भांडणं घरी करा. त्याला मी एरवी सोडला नसता. त्या दिवशी मान खाली घालून पुढे गेले.

घाटावरून नवरा धापा टाकत आला तोवर तिची जागा भरली होती. घरी जाताना टेम्पोच्या केबिनमध्ये आम्ही तिघं खांद्याला खांदा लावून बसलो होतो. तो मधे होता. त्याला दोन्हीकडून गार वारा लागत असावा.

खरं सांगते, त्या रस्त्यात मला तिच्या रागाची पर्वा नव्हती. तिचा राग मला ठाऊक आहे, येतो तसा जातो. मला धास्ती होती ती वेगळीच. माझा अंदाज चुकला असेल तर? फट पुरेशी असेल तर? चार गावांच्या लोकांसमोर मी तिच्या हातातलं काढून घेतलं होतं, तेही एका न केलेल्या मोजणीच्या जोरावर. माती थापली नव्हती, मोजलं नव्हतं, नुसतं वाटलं होतं. दुसऱ्या कोणी असं काम केलं असतं तर मी त्याला गॅरेजमधून हाकलला असता. पिस्टन स्वच्छ निघाला तर ती मला कधी माफ करणार नाही, आणि मला तिला दोषही देता येणार नाही.

सासूबाईंनी दारातच तिघांची तोंडं बघितली. मुलगी धडधाकट दिसली, तेवढं त्यांना पुरलं. मी रात्री कुशीवर कुशी बदलत पडून राहिले.

सकाळी गॅरेजचं शटर वर केलं तर ती आधीच आत होती. मागच्या दाराने आली असणार. गाडीचं बॉनेट उघडं होतं.

"हेड उतरव," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता. "मला बघायचंय."

"मी उतरवतो," नवरा म्हणाला.

"नाही. तिने उतरवायचं."

मी पाना घेतला. वरचं झाकण काढलं. पावणेदोनचे आठ रॉकर एका रांगेत चकाकत होते. ते उतरवले. मग हेडचे बोल्ट, आतून बाहेर न करता बाहेरून आत, थोडे थोडे, सगळे सारखे सैल करत. घाई केली तर हेड वाकतं. पाना दोनदा निसटला. एरवी त्यावर ती चार शब्द ऐकवते. आज तिने बोल्टसाठी डबा पुढे सरकवला.

नवऱ्याने आणि मी हेड उचललं आणि बाकावर ठेवलं. तिने दिवा हातात घेतला. चारही पिस्टन काजळीने काळे होते.

पहिला तिने नीट बघितला. वरून बघितला, वाकून तिरका बघितला. काळा, एकसारखा. काही नाही.

दुसरा. काही नाही.

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि नजर वळवली.  तिसऱ्यावर तिने दिवा बराच वेळ धरला. बोटाने काजळीवरून अलगद फिरवलं. काही नाही.

"वहिनी," ती म्हणाली, आणि त्यात काय होतं ते मला कळलं नाही, कारण तेवढ्यात दिवा चौथ्यावर गेला आणि थांबला.

काळ्या काजळीत एक पांढरी कोर होती, नखाएवढी. धातू घासून लख्ख झाला होता. व्हॉल्व्हच्या कडेने पिस्टनला शिवून केलेली खूण. फार खोल नव्हती. उभ्या गाडीत, आवारात, एकदाच रेस केली होती तिने, मला दाखवायला. त्या एका हसण्यात ती कोर उमटली होती. सरळ चढावर तसे हजारो फेरे झाले असते.

तिने अंगठ्याचं नख त्या कोरीत ठेवलं. बरोबर बसलं.

नवरा खाली स्टुलावर बसला. "माझंच चुकलं," तो म्हणाला. "कितीचे, असं नीट विचारायला हवं होतं."

"तू नीटच विचारलंस," मी म्हटलं. "मी ऐकलं नाही. मी ओरडले."

नणंद नख तसंच ठेवून उभी होती. तिने दिवा बाजूला ठेवला. बोलली तेव्हा पिस्टनशीच बोलत होती.

"मला वाटलं, तू घातलेस."

"काय?"

"पावणेदोनचे. सकाळी गाडी सुरू केली, आवाज ऐकला, आणि मला वाटलं, वहिनीने शेवटी माझं ऐकलं. उगाच तोंडाने नाही नाही म्हणत होती, पण रात्रीतून गुपचूप माझ्यासाठी घातले. म्हणून तर बोलले नाही. वाटलं, तुला ते कळू द्यायचं नसेल." तिने बाहीने नाक पुसलं. "मग तू येऊन वायर उपटलीस."

  आवारात मला बघून ती का हसली होती ते मला तेव्हा कळलं. तिला मी भेट दिली होती, असं तिला वाटलं होतं. आणि ती भेट घेऊन ती त्या दगडांकडे निघाली होती.

मला रडू आलं. मी ते लपवायचा प्रयत्न केला नाही. काल घातलेला कामाचा कोटच अंगावर होता. चिंधी मिळते का म्हणून खिशात हात घातला, तर हाताला कॉइलची वायर लागली. कालपासून ती तिथेच होती. मी ती बाहेर काढून तिच्यासमोर धरली.

"घे. तुझी आहे."

तिने वायरीकडे बघितलं. मग माझी मूठ धरून वायरीवर मिटवली, आणि हात परत माझ्या खिशाकडे ढकलला.

"राहू दे," ती म्हणाली. "तुझ्याकडेच राहू दे."